घरच्या कॉम्प्युटरमध्ये दडलेला ट्रोजन: ओळखायचा कसा, काढायचा कसा

कॉम्प्युटर रडतखडत चालला की व्हायरस शिरला आणि सुरळीत चालतोय तोवर सगळं ठीक, ही समजूत ट्रोजनच्या, म्हणजे कामाच्या वस्तूचं सोंग घेऊन शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमच्या, चांगलीच पथ्यावर पडते. मशीन जड होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: जुनी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, क्रोममध्ये उघडे ठेवलेले ढीगभर टॅब. ट्रोजन सोडणाऱ्याला तुमचा कॉम्प्युटर बिघडवण्यात काडीचा रस नसतो. त्याला हवे असतात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मेलचं खातं, नेटबँकिंग, डेस्कटॉपवर पडलेले आधार-पॅनचे स्कॅन. ते हाती लागेपर्यंत तुम्हाला काहीही जाणवू नये, याची तो पुरेपूर काळजी घेतो.

त्यामुळे ट्रोजन काढताना दोन वेगळी कामं असतात. एक, मशीन साफ करणं. दुसरं, जे आधीच बाहेर गेलं असेल ते निकामी करणं. लोक पहिल्यावर अख्खा रविवार घालवतात आणि दुसऱ्याचं नावही काढत नाहीत. मी ही कामं उलट्या क्रमाने सांगणार आहे, कारण चोराला वेळ कमी मिळायला हवा. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

तो आत येतो कसा

व्हायरस किंवा वर्म स्वतःच्या प्रती काढत पसरतो. ट्रोजन तसं करत नाही. तो कामाच्या वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि त्याला आत घेणारा डबल-क्लिक आपलाच असतो. म्हणून ‘मी तर काहीच केलं नाही’ असं वाटत असेल, तर गेल्या काही आठवड्यांत काय काय इन्स्टॉल केलं ते शांतपणे आठवा. अर्धा शोध तिथेच लागतो.

आपल्याकडे सगळ्यात मोठी वाट म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. फुकटातलं ऑफिस, कोरलड्रॉ, फोटोशॉप, गेमचे चीट, विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारं केएमएस. अशा बहुतेक क्रॅकसोबत एक सूचना असते: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ हात दाखवून अवलक्षण ते हेच. क्रॅकला अँटिव्हायरस तसाही ओरडतो, त्यामुळे आतल्या ट्रोजनमुळे तो ओरडला तरी आपण ‘क्रॅक आहे म्हणून’ असं म्हणून पुढे जातो. ट्रोजनला याहून चांगला आडोसा मिळणार नाही.

दुसरी वाट अलीकडची, २०२४पासून फार फोफावलेली. एखाद्या साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी खिडकी येते आणि सांगते: कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तेवढ्यात त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. खरा कॅप्चा चित्रं ओळखायला लावेल, अक्षरं टाइप करायला लावेल. कीबोर्डवरून विंडोजची रन खिडकी उघडायला कधीही सांगणार नाही. लुमा नावाचा पासवर्डचोर याच वाटेने खूप पसरला. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं जाळं तोडलं, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरमध्ये तो सापडल्याचं कंपनीने सांगितलं.

तिसरी वाट म्हणजे फसवं नाव. विंडोज मुळात फाइलच्या नावाची शेपटी लपवते. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते, आणि आयकॉनही पीडीएफचाच लावलेला असतो. हे आत्ताच बंद करा: कोणताही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज १०मध्ये हाच पर्याय थेट ‘व्ह्यू’खाली आहे. दहा सेकंदांचं काम, पण उपयोग जन्मभर.

आणि पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसतात, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलाला विचारा. खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी एक छुपी स्क्रिप्ट चालते, मग फोल्डर उघडतो. असलं काही दिसलं की क्लिक करू नका. पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून आधी स्कॅन करा, मग ‘शो’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करून आपल्या फाइल शोधा.

पहिलं काम: नेट तोडा आणि दुसरं यंत्र हातात घ्या

संशय आला की वायफाय बंद करा, लॅनची वायर असेल तर काढा. ट्रोजनला मालकाशी बोलायला नेट लागतं. ते तुटलं की त्याचं काम निदान थांबतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन किंवा बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तीही काढा.

आता फोन किंवा घरातला दुसरा, संशय नसलेला कॉम्प्युटर घ्या. पासवर्ड बदलायचे ते तिथून. संशयित मशीनवरून बदलाल तर नवा पासवर्डही त्याच पाहुण्याच्या खिशात जाईल.

सुरुवात मेलपासून करा, बँकेपासून नव्हे. बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ मेलकडेच येतात. मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. पासवर्ड बदलणं इथे पुरेसं नसतं. आजचे पासवर्डचोर ट्रोजन ब्राउझरच्या कुकीजही उचलतात. तुम्ही एकदा लॉगिन केलं की साइट रोज पासवर्ड विचारत नाही, कारण ब्राउझर तिला ती कुकी दाखवत असतो. तीच कुकी दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये घातली की त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. म्हणून जीमेल वापरत असाल तर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘युअर डिव्हाइसेस’ उघडा आणि अनोळखी दिसणाऱ्या, तसंच त्या संशयित कॉम्प्युटरच्याही नोंदी साइन-आउट करा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये दोन ठिकाणी बघा: ‘फॉरवर्डिंग’मध्ये कुणाचा अनोळखी पत्ता घातलाय का, आणि ‘फिल्टर्स’मध्ये बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा नियम बनवलाय का. खातं परत मिळवायचा फोन नंबर आणि पर्यायी मेल तुमचाच आहे ना, हेही तपासा. चोर घुसला असेल तर या तीन जागांपैकी कुठेतरी तो खुंटी ठोकून ठेवतो, म्हणजे पासवर्ड बदलला तरी परत यायची सोय.

मग नेटबँकिंग, डीमॅट, आणि पैसे साठवणारी शॉपिंगची खाती. व्हॉट्सॲपवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तो कॉम्प्युटर काढून टाका. टेलिग्राम डेस्कटॉपवर असेल तर फोनवरून ते सत्रही संपवा. प्रत्येक ठिकाणी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

खात्यातून पैसे गेलेच असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरायच्या आत ते गोठवता आले तर मिळण्याची आशा असते. इथे तास मोजले जातात, त्यामुळे ‘आधी भावाला विचारतो’ नको.

खरंच आहे का, ते बघू

नेट बंद ठेवूनच ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, चालू आहे का? बंद असेल, चालूच होत नसेल, आणि तुम्ही दुसरा अँटिव्हायरस घातलेला नसेल, तर संशय पक्का धरा. चालू असेल तर ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ मग ‘मॅनेज सेटिंग्ज’ आणि सगळ्यात खाली ‘एक्स्क्लुजन्स’. इथे फारच कमी लोक डोकावतात. या यादीतले फोल्डर डिफेंडर तपासतच नाही. तुम्ही न घातलेली नोंद इथे दिसली, विशेषतः अख्खी सी ड्राइव्ह किंवा प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात तो ‘ॲपडेटा’सारखा फोल्डर, तर कुणीतरी घरच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की इकडे बघायचं नाही. ती नोंद काढा.

‘प्रोटेक्शन हिस्टरी’ही वाचा. तिथली नावं भयंकर दिसतात, पण त्यांना रचना असते. ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’ या नावात आधी प्रकार, मग कुठल्या प्रणालीवरचा, मग घराणं, मग उपप्रकार. शेवटी ‘एमएल’ असेल तर ही ओळख मशीन लर्निंगच्या अंदाजावरून पटवलेली आहे. असा अंदाज कधी चुकतो. ‘हॅकटूल’ म्हणजे बहुधा तुम्हीच आणलेला क्रॅक.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातला ‘स्टार्टअप ॲप्स’ हा भाग ‘प्रोसेसेस’पेक्षा जास्त बोलका असतो. कारण ट्रोजनला काहीही करून एक गोष्ट जमवावीच लागते: कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर आपणही सुरू होणं. तिथे अनोळखी नाव दिसलं की राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. विंडोजचा खरा ‘एसव्हीसीहोस्ट’ सिस्टीम३२ फोल्डरमध्ये राहतो. तेच नाव ‘टेंप’ किंवा ‘ॲपडेटा’त सापडलं, किंवा दोन अक्षरांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ झालेलं दिसलं, तर तो तोतया. एसव्हीसीहोस्ट नावाच्या डझनावारी प्रक्रिया एकदम चालू असणं मात्र अगदी नेहमीचं आहे; त्या बंद करत सुटू नका.

याहून खोल बघायचं असेल तर ‘ऑटोरन्स’ हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं, जो मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये विकत घेतला. विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या झाडून सगळ्या गोष्टी ते एका यादीत मांडतं: रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क, सगळं. यादी बघून घाबरायला होतं, म्हणून आधी ‘ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ निवडा. उरलेल्यांत गुलाबी ओळी नीट वाचा. त्यांच्या प्रकाशकाचा पत्ता लागलेला नसतो. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, फाइल नाही. ती सहसा जुन्या सॉफ्टवेअरचं उरलंसुरलं असते. संशयित नोंद ‘डिलीट’ करू नका, समोरची खूण काढा. चुकलात तर परत लावता येते. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची आणि प्रिंटर किंवा टचपॅड बंद पडायचा.

एखादी फाइल नेमकी काय आहे ते ‘व्हायरसटोटल’वर कळतं. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं एकाच वेळी ती तपासतात. एखाद-दोघांनीच बोट दाखवलं तर खोटी हाकाटी असू शकते. तीस-चाळीस जण ओरडले तर शंका नको. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना मिळते, त्यामुळे बँक स्टेटमेंट किंवा आजीचे मेडिकल रिपोर्ट तिथे टाकू नका.

आणि एवढं करून काहीच नाही सापडलं, तर? काही ट्रोजन एखाद्या सभ्य प्रक्रियेच्या मेमरीत शिरून राहतात, डिस्कवर जवळजवळ काहीच ठेवत नाहीत. काही जण चोरी करून स्वतःला पुसून टाकतात. म्हणून संशयाचं कारण ठोस असेल, म्हणजे तुम्ही खरोखरच ती संशयास्पद फाइल चालवली असेल किंवा ती कॅप्चाची आज्ञा दिली असेल, तर ‘काही दिसत नाही’ हा पुरावा मानू नका.

साफसफाई

आधी बॅकअप. फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइल, पीडीएफ एवढंच घ्या. सेटअप, झिप केलेले क्रॅक, स्क्रिप्ट, शॉर्टकट यांतलं काही नको. मॅक्रो (फाइलच्या आत दडलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या ऑफिस फाइल खात्रीच्या असल्या तरच.

मग पहिला वार डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनचा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोजबाहेरच्या वातावरणात सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. विंडोज चालू असताना ट्रोजन स्वतःला लपवू शकतो, अँटिव्हायरसला अडवू शकतो; इथे तो झोपलेला असतो. डिफेंडरची माहिती जुनी असेल तर आधी तेवढ्यापुरतं नेट चालू करून अपडेट घ्या, मग पुन्हा तोडा. काही लॅपटॉपवर सुरू होताना बिटलॉकरची (डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलपाची) ‘रिकव्हरी की’ मागितली जाऊ शकते; ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आधीच फोनवर काढून ठेवा. हे झालं की विंडोजमध्ये येऊन ‘फुल स्कॅन’. तो काही तास घेईल, रात्री लावून झोपा.

त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरचं मत. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर यांपैकी एक पुरे. सेफ्टी स्कॅनर डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुना पेनड्राइव्हमधला वापरू नका. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७पासून बॉट (दुरून हुकूम घेणारे घातक प्रोग्रॅम) काढायची मोफत साधनं देतं. सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, आणि पुण्याच्या क्विक हीलचं साधनही तिथे मिळालेलं आहे. तुमच्या नावाने ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बॉट सापडला’ असा मेसेज आला तर त्यातली लिंक न दाबता केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करून जा. सगळीच साधनं नेहमी कंपनीच्या साइटवरूनच घ्या. शोधात वर दिसणारी जाहिरात खोटी असू शकते. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र बसवू नका, ते एकमेकांच्या तंगड्या ओढतात.

एखादी फाइल काढली की परत येत असेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा रीस्टार्ट आणि ४चा आकडा. तिथे स्कॅन परत चालवा. परत येण्याचं कारण बहुधा ‘टास्क शेड्युलर’मध्ये सापडतं: दर थोड्या वेळाने पॉवरशेल किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा चालवणारी विंडोजचीच साधनं) चालवून ‘ॲपडेटा’तली फाइल जागी करणारं एखादं काम तिथे नोंदवलेलं असतं.

शेवटी तीन छोटी ठिकाणं. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स: न ओळखणारी सगळी काढा. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधलं ‘प्रॉक्सी’, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणारी सेटिंग: घरी सहसा ते रिकामं हवं. आणि सिस्टीम३२मधल्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरातल्या ‘ईटीसी’मधली ‘होस्ट्स’ फाइल, जी कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते ठरवू शकते: नोटपॅडमध्ये उघडली तर साधारणतः सगळ्या ओळी हॅशच्या (#) खुणेने सुरू होतात. अँटिव्हायरस कंपन्यांची नावं हॅशशिवाय लिहिलेली दिसली तर त्या साइट तुमच्यापासून अडवल्या होत्या. सगळं स्वच्छ झाल्यावर ‘सिस्टीम प्रोटेक्शन’मधले जुने रिस्टोर पॉइंट पुसा, त्यांत तो जपून ठेवलेला असू शकतो.

फॉरमॅट कधी करायचं

माझं मत सरळ आहे. घरच्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग होत असेल आणि पासवर्डचोर किंवा दुरून ताबा घेणारा ट्रोजन सापडला असेल, तर साफ झाल्यासारखं वाटलं तरी फॉरमॅट करा. जाहिराती दाखवणारं किरकोळ ॲडवेअर असेल तर गरज नाही. तज्ज्ञसुद्धा ‘आता आत काहीही उरलं नाही’ असं शंभर टक्के सांगू शकत नाही. इमोटेटचंच बघा: २०१४पासूनचा हा ट्रोजन. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं मोडलं, एप्रिलमध्ये संक्रमित कॉम्प्युटरवरून तो पुसलाही, आणि नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा बाजारात हजर.

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’ (विंडोज १०मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’), ‘रिकव्हरी’, ‘रिसेट धिस पीसी’. इथे ‘कीप माय फाइल्स’ नव्हे, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. काही जीबी डेटा जातो, पण विंडोज मायक्रोसॉफ्टकडून कोरी येते. त्याहून पक्कं म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज घेऊन नव्याने टाकणं. लॅपटॉपसोबत मूळ विंडोज आलेली असेल तर ती आपोआप सक्रिय होते, ‘प्रॉडक्ट की’ विकत घ्यावी लागत नाही.

दुकानात नेणार असाल तर दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होते आणि डी ड्राइव्हमध्ये ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या फोल्डरात तोच क्रॅक सुखाने पडून असतो. तो फोल्डर उडवा. आणि दुकानदार आपल्या पेनड्राइव्हमधून ‘सगळं टाकून’ देत असेल, म्हणजे केएमएसवाली विंडोज, क्रॅक ऑफिस, फोटोशॉप, तर नम्रपणे नको म्हणा. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस मोफत मिळतं आणि त्यात युनिकोड मराठी नीट चालतं.

परत वापरायला घेताना

पहिल्या दिवशी सगळ्या अपडेट घ्या. मशीन विंडोज १०वर असेल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. जमत असेल तर ११ टाका. डिफेंडरमधलं ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम परस्पर अँटिव्हायरस बंद करू शकणार नाही. रोजच्या वापरासाठी आणि मुलांसाठी ‘स्टँडर्ड’ खातं बनवा. ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. पोरं कुरकुरतील, कारण प्रत्येक गेम टाकताना बाबांना किंवा आईला बोलवावं लागेल.

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवण्याऐवजी वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. बॅकअपमधून फाइल परत आणण्याआधी ती डिस्क स्कॅन करा. आधार-पॅनचे स्कॅन त्या मशीनवर होते का ते आठवा. असतील तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा एमआधार ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा, आणि काही महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून तुमच्या नावावर अनोळखी कर्ज नाही ना ते बघा. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट संस्थेने मोफत द्यायचा असतो.